एकराच्या पोटातला आकडा : ४३,५६०



एकर हा शब्द आपल्या घरात रोज शंभरदा उच्चारला जातो. एकरी उतारा किती, एकरी बियाणे किती, एकराला भाव काय. एकराचे चाळीस गुंठे हे शाळेत न गेलेल्या आजोबांनाही तोंडपाठ असते. पण एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, हा आकडा मात्र आपण फक्त खरेदीखताच्या वेळी ऐकतो आणि विसरून जातो. इतका अडनिडा आकडा ध्यानात कोण ठेवणार, असे वाटते.

खरे पाहता हा आकडा अडनिडा मुळीच नाही. तो फार विचारपूर्वक बांधलेला आकडा आहे. त्याची वीण एकदा समजली, की भावाभावांतली वाटणी, बागेतली रोपे, पिकाचे पाणी आणि जमिनीचे कागद या चारही ठिकाणी आपला हिशोब आपल्यालाच तपासता येतो. मोबाईलमध्ये गणकयंत्र असते हे खरे. पण कोणता आकडा कशाने भागायचा हे ते यंत्र सांगत नाही. ते आपल्यालाच ठाऊक असावे लागते. म्हणून आज पीक, खत, औषध यांचा विषय बाजूला ठेवून या एकाच आकड्याबद्दल बोलू या.

आकडा आला कुठून?

पूर्वी आपल्याकडे जमिनीचे माप काठीचे होते. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, आणि त्यावर चाहूर. काठी मात्र सगळीकडे सारख्या लांबीची नसे, त्यामुळे एका गावचा बिघा दुसऱ्या गावच्या बिघ्याशी जुळेलच असे नव्हते.

इंग्लंडात एडमंड गंटर नावाच्या गणितज्ञाने १६२० साली जमीन मोजण्यासाठी ६६ फुटांची साखळी प्रचारात आणली. तिच्या शंभर कड्या केल्या. दहा साखळ्या लांब आणि एक साखळी रुंद, म्हणजे ६६० फूट गुणिले ६६ फूट, एवढी जमीन म्हणजे एक एकर. गुणाकार करून पाहा, ४३,५६० येतात.

मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी पाहणी सुरू केली. पुढे या रयतवारी मोजणीत एकर-गुंठा हे माप आपल्या गावोगावी रुजले. आपल्याकडची साखळी गंटरच्या साखळीच्या निम्मी, ३३ फुटांची. तिचे सोळा भाग केले आणि त्या भागाला नाव दिले आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा. तेहेतीस तेहेतीसे एक हजार एकोणनव्वद. असे चाळीस गुंठे झाले की पुन्हा तेच ४३,५६० चौरस फूट. रुपयातले आणे गेले, पण गुंठ्याचे सोळा आणे जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ऐकू येतात, ते या साखळीमुळे.

आकड्याची वीण

गोधडी उसवली की आतले तुकडे दिसतात, तसा हा आकडा उसवून पाहू. ४३,५६० ला आधी २ ने भागा. तीन वेळा भाग जातो. मग ३ ने दोन वेळा, ५ ने एकदा आणि ११ ने दोन वेळा. शेवटी १ उरतो. म्हणजे तीन दोन, दोन तीन, एक पाच आणि दोन अकरा एवढ्यांच्या गुणाकारातून हा आकडा तयार झाला आहे. याहून वेगळे काही त्यात नाही.

आता यातले हवे तेवढे तुकडे घेऊन नवा आकडा करा. त्या आकड्याने एकराला पुरा भाग जाणारच. दोन घ्यायचे की नाही, घेतले तर किती, याचे चार प्रकार. तिनाचे तीन प्रकार, पाचाचे दोन आणि अकराचे तीन. चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस, चोवीस त्रिक बहात्तर. एकराच्या आकड्याला पुरा भागणारे असे ७२ आकडे आहेत.

त्यांतले आपल्या रोजच्या उपयोगाचे म्हणजे १ ते १२. यांतल्या प्रत्येकाने ४३,५६० ला पुरा भाग जातो. अपवाद फक्त एकाचा, सातचा. कारण उघड आहे. आत सात हा तुकडाच नाही, तर तो बाहेर येणार कुठून?

याच्या शेजारी हेक्टर ठेवून पाहा. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. लिहायला सोपा, शून्येच शून्ये. पण तो फक्त दोन आणि पाच यांचाच बनलेला आहे. त्याला पुरा भागणारे आकडे अवघे २५. तीन भावांत एक हेक्टर वाटायला घ्या, ३,३३३ येतात आणि एक चौरस मीटर उरतो. सहा, नऊ, अकरा, बारा यांनीही पुरा भाग जात नाही. हेक्टर कागदावर मांडायला सोयीचा आणि एकर वाटायला सोयीचा, असा हा फरक आहे.

वाटणीतला एक गुंठा

एका एकराच्या तीन वाटण्या करताना पुष्कळ ठिकाणी १३, १३ आणि १४ गुंठे अशी तोडजोड होते. चौदावा गुंठा थोरल्याला की धाकट्याला, यावरून मग बोलाचाली होते. चाळीसला तिनाने भाग जात नाही हे खरे. गुंठ्याचे आणे केले तरी चाळीस गुंठ्यांचे ६४० आणे होतात आणि त्यांनाही तिनाने भाग जात नाही. पण फुटात उतरा. ४३,५६० चे तीन सारखे भाग प्रत्येकी १४,५२० चौरस फूट, एक फूटही उरत नाही. म्हणजे तेरा गुंठे आणि वर ३६३ चौरस फूट. कुणालाही झुकते माप द्यायची गरज नाही.

आणि वारस सात निघाले तर? तसे निघू शकतात, कारण आता वारसांत लेकींचाही बरोबरीचा हिस्सा आहे. आपल्या राज्याने १९९४ साली आणि केंद्र सरकारने २००५ साली कायद्यात तशी दुरुस्ती केली. सात जणांना प्रत्येकी ६,२२२ चौरस फूट दिले की ४३,५५४ होतात आणि उरतात सहा. सहा चौरस फूट म्हणजे तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद एवढी जागा. घरातल्या एका गोणपाटाने झाकली जाईल. सातने भाग जात नाही हे गणिताचे दुखणे आहे, त्याचे घराचे दुखणे होऊ देऊ नये.

एक सूचना मात्र इथेच करतो. जमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून तुकडेबंदीचा कायदा १९४७ साली झाला आहे, आणि त्यातली कमीत कमी क्षेत्राची मर्यादा वेळोवेळी बदलत आली आहे. तेव्हा वाटणी करण्याआधी तहसील कचेरीत विचारून घ्यावे, आणि मोजणी भूमी अभिलेख खात्याकडूनच करून घ्यावी. आपले गणित आपल्या समाधानासाठी, कायद्याचे काम कायद्याने.

एकर एकच, बांध वेगवेगळा

भागणारे आकडे ७२, म्हणजे त्यांच्या जोड्या ३६. याचा अर्थ असा, की पुऱ्या फुटांच्या बाजू धरून एका एकराचे आयत ३६ प्रकारचे पडू शकतात. क्षेत्र सगळ्यांचे तेच, पण कुंपण वेगवेगळे. काही नमुने पाहा :

१९८ फूट × २२० फूट : चारी बाजू मिळून ८३६ फूट
१३२ फूट × ३३० फूट : ९२४ फूट
६६ फूट × ६६० फूट : १,४५२ फूट
३३ फूट × १,३२० फूट : २,७०६ फूट

चार पदरी काटेरी तार ओढायची तर पहिल्या शेताला ३,३४४ फूट तार लागेल आणि शेवटच्या शेताला १०,८२४ फूट. सातबारावर दोन्ही एकरच. तारेचा खर्च मात्र तिप्पटीहून जास्त. जमीन घेताना क्षेत्र विचारतो, भाव विचारतो, तशी लांबी-रुंदीही विचारावी, ती यासाठी.

वाटणीतही हेच होते. समजा, १९८ × २२० फुटांचे शेत चार भावांत वाटायचे आहे. प्रत्येकाला दहा गुंठे, म्हणजे १०,८९० चौरस फूट. उभ्या चार पट्ट्या पाडल्या तर मध्ये तीन बांध पडतात, प्रत्येकी २२० फुटांचे, एकूण ६६० फूट. त्याऐवजी मधोमध एक उभा आणि एक आडवा बांध घातला तर ९९ × ११० फुटांचे चार चौक होतात आणि बांध ४१८ फुटांतच भागतो. बांध तीन फूट रुंद धरला तर पहिल्या रीतीत १,९८० चौरस फूट जमीन बांधाखाली जाते, म्हणजे जवळजवळ पावणेदोन गुंठ्यांहून थोडी जास्त. दुसऱ्या रीतीत साधारण सव्वा गुंठ्याच्या आतच काम होते. शिवाय चौकात बैल असो की ट्रॅक्टर, वळणे कमी पडतात.

मग लोक पट्ट्या का पाडतात? कारण प्रत्येकाला रस्ता हवा, विहिरीची वाट हवी, आणि वरची हलकी व खालची भारी जमीन सारखी यायला हवी. ही कारणे योग्यच आहेत. माझे म्हणणे इतकेच, की वाटेचा हक्क कागदावर नीट लिहून घेता येत असेल तर चौकाचाही विचार करावा. पट्टीची किंमत दरवर्षी बांधाच्या रूपाने चुकवावी लागते, ती आधी मोजावी.

इथे आणखी एक गंमत आहे. पूर्ण फुटांत बरोबर चौरस एकर पाडता येत नाही. चौरस होण्यासाठी आकड्यातला प्रत्येक तुकडा जोडीने असावा लागतो. तीन आणि अकरा जोडीने आहेत, पण एक दोन आणि एक पाच असे दोघे एकटे पडले आहेत. म्हणून चौरस एकराची बाजू २०८ फूट साडेआठ इंच अशी अडनिडी निघते. पण दहा एकर घ्या. दहा म्हणजे दोन गुणिले पाच. एकट्या दोनाला आणि एकट्या पाचाला जोडीदार मिळाला, आणि ६६० फूट बाजूचा बरोबर चौरस तयार झाला.

गुंठ्याचा पाढा

आता गुंठ्याकडे वळू. १,०८९ चा पाढा अवघड वाटतो, पण तो एकदा लिहून पाहा :

१ गुंठा : १,०८९
२ गुंठे : २,१७८
३ गुंठे : ३,२६७
४ गुंठे : ४,३५६
५ गुंठे : ५,४४५
६ गुंठे : ६,५३४
७ गुंठे : ७,६२३
८ गुंठे : ८,७१२
९ गुंठे : ९,८०१

डावीकडचे दोन आकडे एकेकाने चढतात, उजवीकडचे दोन एकेकाने उतरतात. विहिरीवरच्या रहाटासारखे, एक पोहरा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. आणखी नीट पाहा. एका गुंठ्याचा आकडा उलटा वाचला की नऊ गुंठ्यांचा होतो. दोनाचा उलटा आठाचा, तिनाचा उलटा साताचा, चाराचा उलटा सहाचा. पाच गुंठ्यांचा आकडा उलटा वाचला तरी तोच राहतो.

याचे कारण सोपे आहे. १,०८९ म्हणजे १,१०० वजा ११. म्हणून कितीही गुंठ्यांचे चौरस फूट तोंडी काढता येतात. गुंठ्यांना अकराने गुणा, त्यापुढे दोन शून्ये द्या आणि त्यातून तोच अकरापट आकडा वजा करा. तेरा गुंठे घ्या. तेर अकरा एकशे त्रेचाळीस. १४,३०० वजा १४३, उत्तर १४,१५७. कागद नको, पेन्सिल नको.

नऊ गुंठ्यांचे ९,८०१ चौरस फूट म्हणजे ९९ × ९९ फुटांचा बरोबर चौरस. हाच आकडा मधोमध तोडून ९८ आणि ०१ यांची बेरीज केली तर पुन्हा ९९ येतात. असा गुण अंगी असलेल्या संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. ४५ ही अशीच संख्या, तिचा वर्ग २,०२५, आणि २० व २५ मिळून ४५. साध्या शाळेत शिकवीत त्यांनी आकड्यांचे असे गुण हुडकले आणि आपले नाव गणिताच्या पुस्तकांत नेले. त्यांच्या ९९ चा चौरस आपल्या नऊ गुंठ्यांत बसलेला आहे, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

मुलांसाठी एक खेळही देतो. तीन आकडी कोणतीही संख्या घ्या, पहिला आणि शेवटचा आकडा मात्र वेगळा हवा. ती उलटी लिहून मोठीतून लहान वजा करा. आलेले उत्तर उलटे लिहून त्यातच मिळवा. ७५२ वजा २५७ म्हणजे ४९५. ४९५ अधिक ५९४ म्हणजे १,०८९. दुसरी कोणतीही संख्या घ्या, उत्तर १,०८९ च. वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ अशी तीन आकडी लिहायची, एवढेच पथ्य. वजाबाकीत मधला आकडा नेहमी नऊ येतो आणि दोन्ही टोकांची बेरीजही नऊच होते, म्हणून शेवटी दरवेळी गुंठाच हाती लागतो. रात्री जेवणानंतर हा खेळ एकदा घरात मांडून पाहा.

कागद तपासायची कसोटी

आता जरा गंभीर गोष्ट. खरेदीच्या कागदावर, प्लॉटच्या नकाशावर क्षेत्र चौरस फुटांत लिहिलेले असते. लिहिताना आकड्यांची अदलाबदल सहज होते. ती ओळखायला गुंठ्याच्या आकड्यातच कसोटी आहे. पूर्ण गुंठ्यांचे कोणतेही क्षेत्र नऊनेही भागले जाते आणि अकरानेही.

नवाची कसोटी अशी, की सगळ्या आकड्यांची बेरीज नवाच्या पाढ्यात यावी. अकराची कसोटी अशी, की उजवीकडून एक सोडून एक आकडे घेऊन बेरीज करावी, राहिलेल्या आकड्यांची वेगळी बेरीज करावी, आणि दोन्ही बेरजा सारख्या याव्यात किंवा त्यांच्यातला फरक अकराच्या पाढ्यात यावा. ४३,५६० घ्या. सगळी बेरीज १८, नवाच्या पाढ्यात आहे. ० अधिक ५ अधिक ४ म्हणजे ९, आणि ६ अधिक ३ म्हणजेही ९. दोन्ही कसोट्या उतरल्या.

समजा, तेरा गुंठ्यांच्या कागदावर १४,१७५ चौरस फूट लिहिले आहे. बेरीज १८, नवाच्या कसोटीला उतरते. आता अकराची लावा. ५, १, १ मिळून ७, आणि ७, ४ मिळून ११. फरक चार. इथे आकडा अडकला. बरोबर आकडा १४,१५७. शेवटचे पाच आणि सात यांनी जागा बदलली होती. अशी अदलाबदल नवाच्या कसोटीला कधीच सापडत नाही, कारण बेरीज तीच राहते. शेजारच्या दोन वेगळ्या आकड्यांची अदलाबदल अकराची कसोटी मात्र नेमकी पकडते. म्हणून दोन्ही लावाव्यात. गुंठ्याचा काही भाग वर असेल तेव्हा मात्र ही कसोटी चालत नाही, तिथे सरळ गुणाकार करावा.

रोपे आणि पाणी

एकरी किती रोपे लागतील, हा प्रश्न कार्यक्षेत्रात फिरताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. उत्तर एका भागाकारात आहे. दोन ओळींतले अंतर आणि दोन रोपांतले अंतर फुटांत घेऊन गुणा, आणि त्याने ४३,५६० ला भागा. कापूस ४ × ३ फुटांवर लावला तर ३,६३० झाडे. पपई ६ × ६ फुटांवर १,२१०. द्राक्ष ९ × ५ फुटांवर ९६८. आंबा ३३ × ३३ फुटांवर ४० झाडे, म्हणजे गुंठ्याला एक झाड. लिंबू २० × २० फुटांवर १०८.९, म्हणजे १०८. उत्तरे इतकी नीटस येतात ती आकड्याच्या विणीमुळे. अंतर मीटरमध्ये असेल तर त्याच रीतीने १०,००० ला भागा आणि हेक्टरी रोपे काढा.

तीन बाय तीन फुटांवर एकरी पाच हजार रोपे लागतील असे कुणी सांगितले तर ४३,५६० ला नवाने भागा. ४,८४० येतात. वरची १६० रोपे जादा आहेत. नांग्या भरायला थोडी जास्त रोपे घ्यावीत, पण ती नांग्यांसाठी आहेत हे समजून घ्यावीत.

शेताच्या आकाराचाही थोडा फरक पडतो. ६६ × ६६० फुटांच्या शेतात बांधापासून तीन फूट सोडून सहा-सहा फुटांवर पपई लावली तर ११ ओळींत ११० प्रमाणे बरोबर १,२१० झाडे बसतात. १९८ × २२० फुटांच्या शेतात ३३ ओळींत ३६ प्रमाणे १,१८८ च बसतील, कारण २२० ला सहाने पुरा भाग जात नाही. तेव्हा रोपांची मागणी नोंदवण्याआधी टेप धरून शेत मोजावे.

पाण्याचेही तसेच. एका एकरावर एक इंच पाणी उभे केले तर ते ४३,५६० भागिले १२, म्हणजे ३,६३० घनफूट भरते. लिटरमध्ये सुमारे १ लाख २ हजार ८००. आपला पंप किती पाणी टाकतो ते पाहायला २०० लिटरचे पिंप पाइपाखाली ठेवा. ४० सेकंदांत भरले तर सेकंदाला पाच लिटर, तासाला १८ हजार लिटर. मग एकराला एक इंच पाणी द्यायला सुमारे पावणेसहा तास लागणार. पाटात मुरणारे वेगळे. दोन तासांत एकर भिजला असे वाटत असेल तर त्या पंपाचे पाणी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच पोचले आहे, हे ध्यानात घ्या.

शेततळ्याचा हिशोबही यातच बसतो. ६६ × ६६ फूट, म्हणजे चार गुंठे जागा, आणि खोली दहा फूट. बाजू सरळ उभ्या असत्या तर त्यात ४३,५६० घनफूट पाणी मावले असते, म्हणजे एका एकरावर एक फूट. सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, म्हणून प्रत्यक्षात पाणी यापेक्षा कमी मावते.

गुंठा आणि आर यांची गल्लत

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असे असते आणि व्यवहारात आपण गुंठे बोलतो. पुष्कळजण आर म्हणजेच गुंठा समजतात. तसे नाही. आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. फरक साडेबारा चौरस फुटांच्या आसपास. एका गुंठ्यात तो जाणवत नाही. एका एकरात मात्र तो सुमारे ५०४ चौरस फुटांवर जातो, आणि पाच एकरांत अडीच हजारांवर, म्हणजे सव्वादोन गुंठ्यांच्या वर.

पूर्ण एकर असेल तर सातबारावर सुमारे ४० आर ४७ चौरस मीटर दिसायला हवेत. नुसते ४० आर लिहिले असून किंमत चाळीस गुंठ्यांची मागत असतील, तर अर्ध्या गुंठ्याच्या जवळपास जमीन नसताना तिचे पैसे जातील. हेक्टर म्हणजे अडीच एकर असे आपण बोलतो, तेही असेच ढोबळ आहे. हेक्टरमध्ये गुंठे ९८.८४ च भरतात, शंभर नव्हे. बोलण्यात ढोबळ चालते. खरेदीखतात चालत नाही. जिथे गुंठ्याला लाखाचा भाव आहे, तिथे हा फरक एखाद्या हंगामाच्या नफ्याएवढा होतो.

म्हणून बंधू-भगिनींनो, घरातल्या हिशोबाच्या वहीच्या पहिल्या पानावर एवढे पाच आकडे लिहून ठेवा : गुंठा १,०८९ चौरस फूट, एकर ४३,५६० चौरस फूट, एकराला एक इंच पाणी १ लाख २ हजार ८०० लिटर, आर १,०७६ चौरस फूट, हेक्टर ९८.८४ गुंठे. शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ते सुवाच्य अक्षरात लिहायला सांगा, आणि आपल्या शेताची लांबी-रुंदी टेपने मोजून त्याखाली तिच्याकडूनच हिशोब करून घ्या. पुढच्या वेळी रोपे, तार किंवा जमीन घ्यायला निघाल तेव्हा ती वही पिशवीत असू द्या.